सलामीचा कारखाना, 200 लोकांची घरं आणि भिंतींवरचं म्युझियम: रोममधलं 'मेट्रोपोलिझ' नेमकं काय आहे?

रोमला जाणारा पर्यटक कोलोसियमसमोर सेल्फी काढतो, व्हॅटिकनच्या रांगेत उभा राहतो आणि परत येतो. पण याच शहराच्या पूर्व टोकाला, प्रेनेस्तिना रस्त्यावर, एक वेगळंच म्युझियम आहे. इथे भिंतीवरचं चित्र बघता बघता शेजारच्या दारातून कुणाच्या तरी स्वयंपाकाचा वास येऊ शकतो. कारण त्या दाराआड खरोखरच कुणाचं तरी घर आहे.

या जागेचं नाव मेट्रोपोलिझ. एकेकाळी इथे फिओरुच्ची कंपनीचा कारखाना होता. डुकरं कापली जायची, त्यांच्या मांसाची सलामी बनायची. पुढे कारखाना बंद पडला आणि इमारत ओस पडली. आता तिथे साधारण 200 लोकांची वस्ती आणि 500 हून अधिक कलाकृती आहेत.

आणि कायद्याच्या भाषेत हा सगळा प्रकार म्हणजे बेकायदा कब्जा. मग तो इतकी वर्षं टिकला कसा?

सुरुवात कशी झाली?

मार्च 2009 मध्ये घरांच्या हक्कासाठी लढणाऱ्या एका चळवळीने या रिकाम्या कारखान्यात प्रवेश केला. सोबत होती भाडं परवडत नसलेली कुटुंबं. पेरू, मोरोक्को, युक्रेन, आफ्रिकेतले देश आणि स्वतः इटली, अशा सगळीकडची माणसं. नंतर रोमा समाजाची कुटुंबंही इथे आली. त्यांनी कचरा उपसला, मोठ्या हॉलमध्ये भिंती घातल्या आणि राहण्यापुरत्या खोल्या तयार केल्या.

चंद्रावर जायचा प्लॅन

कला आली ती एका फिल्ममुळे. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्जो दे फिनिस आणि दिग्दर्शक फाब्रित्सिओ बोनी यांनी इथल्या रहिवाशांसमोर एक गमतीदार कल्पना ठेवली: पृथ्वीवर आपल्याला कुणी घर देत नाही ना? मग रॉकेट बांधू आणि चंद्रावर राहायला जाऊ!

ऐकायला पोरखेळ वाटेल, पण त्यामागे एक खरा मुद्दा होता. 1967 च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानुसार कोणताही देश चंद्रावर मालकी सांगू शकत नाही. म्हणजे निदान कागदावर तरी ती सगळ्यांची जागा. रहिवासी आणि कलाकारांनी मिळून रॉकेट बनवलं. जान मारिया तोसात्ती या कलाकाराने कारखान्याच्या टॉवरवर जुन्या पिंपांची भलीमोठी दुर्बीण उभी केली. या सगळ्यावर 'स्पेस मेट्रोपोलिझ' ही फिल्म झाली.

यातूनच 2012 मध्ये म्युझियमची कल्पना पुढे आली. त्याच्या इटालियन नावाचा अर्थ साधारण असा: 'दुसऱ्याचं आणि दुसरीकडचं म्युझियम'. दे फिनिस यांनी कलाकारांना बोलावलं. मानधन नाही. इथे यायचं, रहिवाशांना भेटायचं आणि भिंतीवर, जिन्यात, छतावर आपलं काम करून जायचं. जिथे डुकरं कापली जात, तिथल्या भिंतींवर आता डुकरांचीच चित्रं आहेत. लोकांसाठी म्युझियम शनिवारी उघडायचं, इतर दिवशी ही फक्त वस्ती.

चित्रं घर वाचवू शकतात का?

दे फिनिस यांची मांडणी सरळ आहे: इथली कला म्हणजे बॅरिकेड. बेघरांना बाहेर काढलं तर एका दिवसाची बातमी होते. पण शेकडो कलाकारांच्या कामावर बुलडोझर फिरवायचा म्हटला, तर सरकारला दहा वेळा विचार करावा लागेल.

यात एक मेख आहे. इटलीच्या राज्यघटनेचं नववं कलम कलावारशाला संरक्षण देतं. पण वारसा कायद्याचं संरक्षण हयात कलाकारांच्या आणि 70 वर्षांपेक्षा नव्या कामांना सहसा मिळत नाही. म्हणजे ही चित्रं कायद्याची ढाल नाहीत. ती फक्त कारवाईची राजकीय किंमत वाढवतात.

मालकाची बाजूही आहे. ही जागा एका बांधकाम समूहाच्या कंपनीची आहे. तिने कोर्टात विचारलं की, आमची मालमत्ता सरकार आम्हाला परत का मिळवून देत नाही? 2018 मध्ये रोमच्या दिवाणी न्यायालयाने गृह मंत्रालयाला भरपाई द्यायला सांगितलं. रक्कम होती अडीच कोटी युरोंहून जास्त. साहजिकच वस्तीच्या डोक्यावरची टांगती तलवार आणखी खाली आली.

रोजच्या जगण्यात काय अडतं?

2014 च्या एका कायद्यानुसार बेकायदा ताब्यातल्या जागेच्या पत्त्यावर रहिवासी नोंदणी होत नाही आणि वीज-पाण्याचं अधिकृत कनेक्शनही मिळत नाही. इटलीत ही नोंदणी म्हणजे जगण्याची किल्ली. फॅमिली डॉक्टर मिळवणं असो की सरकारी घरासाठी अर्ज करणं, सगळीकडे पत्ता लागतो. 2017 मध्ये महापौरांना लहान मुलं आणि गरजूंसाठी सूट देण्याचा अधिकार मिळाला, पण ती सूट आहे, हक्क नाही.

पुढे काय होऊ शकतं?

इटलीतच दोन टोकाची उदाहरणं आहेत. मिलानमधलं प्रसिद्ध सामाजिक-सांस्कृतिक केंद्र लिओनकावालो 1994 पासून एका जुन्या कागद कारखान्यात होतं. मैफली, ग्राफिटी, नाव, सगळं होतं. तरीही 21 ऑगस्ट 2025 ला पोलिसांनी ते रिकामं केलं. दुसरीकडे रोममध्येच पोर्तो फ्लुव्हियाले इथल्या माजी लष्करी इमारतीवर 'ब्लू' या कलाकाराने अवाढव्य चेहरे रंगवले होते. तिथे राहणाऱ्या कुटुंबांसाठीच घरं करण्याचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला.

म्हणजे कलेने वेळ मिळतो, लक्ष मिळतं. पण घर मिळतं ते शेवटी सरकारी निर्णयानेच.

यातला सगळ्यात मोठा विरोधाभास ऐका. ज्यांनी बेकायदा वस्तीत म्युझियम उभं केलं, त्याच दे फिनिस यांच्याकडे 2018 मध्ये रोमच्या सरकारी समकालीन कला म्युझियमची, 'माक्रो'ची, सूत्रं देण्यात आली. त्यांच्या कल्पनेला शहराने मान दिला. ज्यांच्या भिंतींवर ती कल्पना उभी राहिली, ती माणसं मात्र तेव्हाही कागदोपत्री घुसखोरच होती.