जोंगाला इंची पाने का लागत नाहीत

लिलावातली लष्करी गाडी दारात उभी राहिली की सल्ला ठरलेला: "जुनी गाडी आहे, इंची पाने घेऊन ठेवा." जबलपूरच्या गाड्यांना हा सल्ला लागू नाही. १९६९ साली सुरू झालेल्या तिथल्या व्हेइकल फॅक्टरीची जोंगा जीप ही मुळात निसानची 'पेट्रोल' (Patrol) गाडी, आणि शक्तिमान ट्रक जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावरचा. जपान काय, जर्मनी काय, दोन्ही मेट्रिक मुलूख. कुर्ल्यात बनलेली फियाट, पुढची पद्मिनी, तीही मेट्रिकच. इंची आटे सापडतात ते विलिज जीपमध्ये, जुन्या बुलेटमध्ये, ॲम्बॅसॅडरमध्ये. ॲम्बॅसॅडरला पुढे इसुझूचं इंजिन बसलं, तेव्हा तर वर मेट्रिक आणि खाली इंची असा संसार झाला. तेव्हा गाडीचं वय विचारू नका, घराणं विचारा.

'मेट्रिक म्हणजे सगळं एकच' हा गैरसमज जास्त महागात पडतो. १० मिलिमीटरचाच बोल्ट घ्या. जुन्या जर्मन पद्धतीत त्याच्या डोक्याला १७चा पाना लागतो, जपानी गाड्यांत बहुधा १४चा. पाना चुकला तर निदान लगेच कळतं. आटे मात्र फसवतात. जर्मन बोल्टवर दोन आट्यांतलं अंतर साधारणपणे दीड मिलिमीटर, जपानीवर बहुतेकदा सव्वा. दीडचा नट सव्वाच्या बोल्टवर एक-दोन फेरे चढतो आणि अडतो. मिस्त्रीला वाटतं गंज असेल. तो पान्याला पाइप लावतो आणि आटे सोलून निघतात.

'चार सुती बोल्टला चार सुती पाना' हेही असंच डोक्यात बसलेलं. चार सूत म्हणजे अर्धा इंच. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची पद्धतीच्या पान्यावरचा १/२ हा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो. पान्याचं तोंड भरतं जवळपास २३.४ मिलिमीटर. एएफ (अक्रॉस फ्लॅट्स) पान्यावरचा १/२ मात्र तोंडाचाच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३चा पाना बसतो खरा, पण जोर लावला की डोकं गोल करतो. ३/४ आणि १९ यांत फरक जेमतेम ०.०५ मिलिमीटरचा. ते खुशाल वापरा.

नट चढला म्हणजे आटे जुळले, असंही नाही. व्हिटवर्थच्या १८४१च्या आट्याचा कोन ५५ अंश, नंतरच्या युनिफाइड या इंची पद्धतीचा ६०. पाव इंची जाड आट्यांत दोन्हीकडे इंचाला २० आटे, म्हणून नट बिनतक्रार चढतो; पकड मात्र अपुरी राहते. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आणि युनिफाइडचे १३, तिथे भांडण लगेच उघडं पडतं.

विलिज जीपच्या डाव्या चाकांचे नट 'जाम' नसतात, त्यांचे आटेच उलटे असतात. तोडण्याआधी दुसऱ्या बाजूला फिरवून बघा. आणि पानापेटीत थ्रेड गेज असू द्या. नवा बोल्ट पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरवा. अडला तर पाना लावण्याआधी बाहेर काढून आटे मोजा.