सस्पेंडचं बटण कोणी दाबायचं?

सकाळचे साडेनऊ. नाशिकच्या कॉलेज रोडवरचं दोन खोल्यांचं ऑफिस. चहा यायच्या आधी मालक जो मेल उघडतो तो कुठल्या गिऱ्हाइकाचा नसतो. रात्रीतून सॉफ्टवेअरनं काय काय उरकलं याचा तो गोषवारा असतो. इनव्हॉइस किती निघाली, आठवणीचे मेल कितीजणांना गेले, कुठली डोमेन महिनाभरात संपतायत. त्याची नजर मात्र थेट एकाच ओळीवर जाते: सस्पेंड किती? आज तीन. दोन नावं वाचून तो मान डोलावतो, ‘हे येतील लायनीवर.’ तिसरं नाव एका द्राक्ष निर्यातदाराचं निघतं. फेब्रुवारी चालू आहे, कंटेनर निघतायत, आणि युरोपातल्या खरेदीदारांशी या माणसाचा सगळा पत्रव्यवहार त्याच डोमेनच्या मेलवर चालतो. खातं बंद म्हणजे मेलही बंद.

फोन यायला फार वेळ लागत नाही.

‘अरे बाबा, मेल का उघडत नाही?’

‘काका, रिन्युअल राहिलंय. किती मेल पाठवले तुम्हाला.’

‘मेल वाचायला मेल चालू नको का? संध्याकाळी टाकतो पैसे, आधी चालू कर.’

बिलाची तारीख उलटली की पाचव्या दिवशी खातं आपोआप बंद, हा नियम मालकानंच घातलेला. तोच आता तो स्वतःच्या हातानं मोडतो. अनसस्पेंडवर एक टिचकी, आणि खाली एका चौकटीत तारीख: अमुक दिवसापर्यंत या खात्याला हात लावायचा नाही. अशी चौकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच ठेवलेली आहे. म्हणजे काका सगळ्याच देशांत असणार. आपल्याकडे ते जरा जास्त आहेत एवढंच.

या धंद्याला रिसेलर होस्टिंग म्हणतात आणि त्यातला माणूस हा मुळात पोटभाडेकरू ठेवणारा भाडेकरू असतो. सर्व्हर त्याच्या मालकीचा नाही. तो मुंबईत असेल, बंगळुरूत असेल, नाहीतर सिंगापूर किंवा जर्मनीत. तिथली जागा घाऊक दरानं घ्यायची, तिचे तुकडे पाडायचे आणि क्लासेस, लॉन्स, पतसंस्था, डॉक्टर, निर्यातदार यांना वर्षाच्या बोलीवर द्यायचे. सर्व्हरवर खाती बनवायला डब्ल्यूएचएम, गिऱ्हाइकाला स्वतःचं खातं सांभाळायला सीपॅनेल, आणि या सगळ्याच्या वर बसून बिलं काढणारा, वसुली करणारा, चालू-बंद करणारा डब्ल्यूएचएमसीएस. सीपॅनेल अमेरिकेत निक कोस्टन यांनी १९९६ साली बनवलं. डब्ल्यूएचएमसीएस ब्रिटनमधल्या मॅट प्यू यांनी. घाऊक माल पुरवणाऱ्यांत आपल्याकडे रिसेलरक्लबचं नाव मोठं. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी मुंबईत १९९८ साली काढलेल्या डिरेक्टीतून ते उभं राहिलं आणि २०१४ मध्ये एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीकडे गेलं. गावोगावच्या वेब डिझायनरांना ‘तुझ्या नावानं तू वीक, माल आमचा’ असं सांगणारी ही साखळी आहे.

नवं गिऱ्हाईक येतं तेव्हा सॉफ्टवेअर आपली खरी ऐट दाखवतं. ऑर्डर आली, पैसे जमा झाले, की ते सर्व्हरशी परस्पर बोलतं. डोमेनच्या पहिल्या काही अक्षरांवरून युजरनेम बनतं, पासवर्ड तयार होतो, ठरलेल्या प्लॅनची जागा राखली जाते, डोमेनची नोंदणी होते आणि स्वागताचा मेल सुटतो. या सगळ्याला एखादं मिनिट लागतं. त्यात बसवलेल्या, सर्व्हरशी बोलणाऱ्या प्रत्येक मॉड्यूलला क्रियापदं मोजकीच येतात: क्रिएट, सस्पेंड, अनसस्पेंड, टर्मिनेट, शिवाय प्लॅन बदलणं. साध्या वेबसाइटऐवजी कुणी स्वतंत्र व्हर्च्युअल सर्व्हर घेतला तरी क्रियापदं हीच. फक्त मॉड्यूल वेगळं. ‘क्लाउड’ हे नाव लावल्यावर बऱ्याच ठिकाणी दर तेवढा चढतो, खालचं यंत्र तेच राहतं. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

यातलं जपून वापरायचं क्रियापद टर्मिनेट. सस्पेंडला परतीची वाट आहे. टर्मिनेट म्हणजे सर्व्हरवरून खातं, फायली, डेटाबेस, मेल, सगळं पुसलं जाणं. थकबाकीनंतर इतक्या दिवसांनी टर्मिनेट, असंही आपोआप लावता येतं. नाशिकच्या या ऑफिसात ते बंद ठेवलंय. अनुभवी रिसेलर बहुतेक असंच करतात, आणि ते बरोबरच आहे. पैसे थकवलेल्या माणसाचाही दहा वर्षांचा पत्रव्यवहार मशीननं परस्पर पुसून टाकावा, इतका विश्वास मशीनवर टाकू नये.

खरी गंमत पैशांपाशी सुरू होते. हे सॉफ्टवेअर लिहिलं गेलं ते गिऱ्हाइकाचं कार्ड एकदा नोंदवून घ्यायचं आणि दरवर्षी त्यातून रक्कम कापत राहायचं, या गृहीतकावर. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ते गृहीतक भारतात मोडलं. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना २४ तास आधी जायला हवी, आणि ठरावीक मर्यादेच्या वर ग्राहकाची नव्यानं संमती हवी. मर्यादा आधी ५,००० रुपये होती, २०२२ मध्ये १५,००० झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून कार्डाचा नंबर विक्रेत्यानं स्वतःकडे साठवणंही बंद झालं. ग्राहकाच्या बाजूनं पाहिलं तर नियम चांगलेच आहेत. पण रिसेलरच्या स्वयंचलित वसुलीतला ‘स्वयं’ गेला. आता मेलमध्ये पेमेंटची लिंक जाते आणि पार्टी ती लिंक सोडून मालकाच्या मोबाइल नंबरवर यूपीआय करते. व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट येतो. खाली लिहिलेलं: ‘केलं बघ’. कोणत्या इनव्हॉइसचे, कोणत्या डोमेनचे, ते ज्याचं त्यानं ओळखावं. मग हिशेब सांभाळणाऱ्या वहिनी बँकेचं स्टेटमेंट एका खिडकीत आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या खिडकीत उघडून हातानं नोंदी चढवतात. स्वयंचलित बिलिंगच्या ऑफिसात दुपारचा मोठा वेळ या कामात जातो.

टीडीएसची कथा याहून न्यारी. एका पतसंस्थेनं वर्षाचा सर्व्हर घेतला असं धरू: ६०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७०,८००. पतसंस्थेचा अकाउंटंट कायद्याप्रमाणे मूळ रकमेवर २ टक्के कापतो आणि ६९,६०० पाठवतो. त्याचं चुकलेलं काहीच नाही. कापलेले १,२०० सरकारात रिसेलरच्याच पॅनवर जमा होणार आहेत. पण सॉफ्टवेअरला टीडीएस ठाऊक नाही. त्याच्या लेखी इनव्हॉइस अजून अपुरं आहे. ते नेमानं आठवणीचे मेल धाडतं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर पाचव्या दिवशी १,२०० रुपयांसाठी अख्ख्या पतसंस्थेचा सर्व्हर बंद करतं. म्हणून अशा पार्ट्यांच्या खात्यावर वहिनी टीडीएसच्या नावानं हातानं एक जमा नोंद टाकतात आणि पुढे फॉर्म २६एएसशी ताळा घालतात.

जीएसटीचीही अशीच एक मेख आहे. सॉफ्टवेअर मुदतीच्या दोनेक आठवडे आधी इनव्हॉइस काढून मोकळं होतं. ते कर-इनव्हॉइस धरलं तर पार्टीनं नंतर हात वर केले तरी सरकारचा १८ टक्के भरणा आला. त्यावर तोड म्हणजे आधी प्रोफॉर्मा पाठवायचं आणि पैसे जमा झाल्यावरच खरा क्रमांक पडू द्यायचा. ही सोय सेटिंगमध्ये आहे, पण नवखे रिसेलर ती पहिलं वर्ष बुडाल्यावर शोधतात. नाशिकच्या पार्टीला नऊ-नऊ टक्क्यांची सीजीएसटी-एसजीएसटीची जोडी, मडगावच्या पार्टीला सरळ आयजीएसटी, हेही एकदा नीट बसवावं लागतं.

रिसेलरला मिळतं काय? डॉट कॉम डोमेनवर फारच थोडं. मूळ नोंदणी सांभाळणारी व्हेरिसाइन कंपनी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला १०.२६ डॉलर घेते. त्यावर मधल्या कंपनीचा वाटा, कर, आणि मग शेजारच्या दुकानदारानं ऐकवलेलं वाक्य: ‘तिकडं तर जाहिरातीत पहिलं वर्ष जवळजवळ फुकट आहे.’ कमाई होते ती जागेच्या भाड्यात, आणि तिथलाही खर्च डॉलरमध्ये वाढत जातो. २०१८ मध्ये सीपॅनेल गुंतवणूकदारांच्या हाती गेलं आणि जून २०१९ च्या अखेरीला नवा दर जाहीर झाला. तोवर एका सर्व्हरचं ठरलेलं भाडं भरलं की त्यावर कितीही खाती ठेवा. नव्या दरानं १०० खात्यांपर्यंत ४५ डॉलर आणि वरच्या प्रत्येक खात्याला २० सेंट. ४०० खात्यांच्या सर्व्हरचा महिना एका फटक्यात १०५ डॉलरवर गेला. जगभरच्या रिसेलरांनी बोटं मोडली, थोडेजण डायरेक्टअॅडमिन या दुसऱ्या पॅनेलकडे गेले, बहुतेक तिथंच राहिले. शेकडो पार्ट्यांना नवं पॅनेल शिकवण्यापेक्षा वाढीव डॉलर परवडतात. त्यानंतरही दर चढतच गेले आहेत.

दर एकवेळ वाढवून घेता येतात. जबाबदारीला तशी सोय नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं व्हर्च्युअल सर्व्हर आणि क्लाउड विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाचं खरं नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी, घेण्याचं कारण हे सगळं तपासून पाच वर्षं जपायला सांगितलं. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचीही सक्ती केली. फॉर्मवर ‘अबक’ लिहून सर्व्हर घेणाऱ्यालाही तो दोन मिनिटांत चालू करून द्यायचा, ही जुनी मिजास तिथं संपली. या ऑफिसात आता व्हर्च्युअल सर्व्हरची ऑर्डर आपोआप मंजूर होत नाही. आधी फोन जातो.

आणि फोनवर विश्वास किती ठेवायचा, याचं उत्तर याच सॉफ्टवेअरच्या इतिहासात आहे. मे २०१२ मध्ये काही हॅकरांनी डब्ल्यूएचएमसीएस ज्या होस्टिंग कंपनीकडे होतं तिथं फोन केला, आपण मुख्य डेव्हलपरच आहोत असं भासवलं, ओळख पटवण्याच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली आणि सर्व्हरच्या किल्ल्या मिळवल्या. सुमारे पाच लाख नोंदी बाहेर पडल्या. कोडमध्ये भोक पाडावं लागलं नाही. सपोर्टला बसलेला माणूस बोलण्याला भुलला एवढंच.

जबाबदारीचा आणखी एक धडा आगीचा, आणि तो फ्रान्सचा. १० मार्च २०२१ च्या रात्री स्ट्रासबर्गमधली ओव्हीएच कंपनीची डेटा सेंटरची एक इमारत पूर्ण जळाली. नेटक्राफ्ट या वेबसाइटींची मोजदाद करणाऱ्या कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या. काहींचे बॅकअपही त्याच आवारात होते. त्या दिवशी कितीतरी छोट्या विक्रेत्यांच्या गिऱ्हाइकांना पहिल्यांदा कळलं असेल की आपली साइट नेमकी कुठल्या गावात होती.

दुपारी चारला ऑफिसात आणखी एक फोन. एका क्लासची साइट आहे, सर स्वतः बोलतायत. वेब डिझायनर मुलगा पुण्याला नोकरीला गेला, फोन उचलत नाही आणि डोमेन संपलंय. सॉफ्टवेअरमध्ये ते डोमेन सापडतच नाही, कारण ते इथलं नाही; मुलानं दुसरीकडे स्वतःच्या नावावर घेतलेलं. मालक शक्य तेवढं सांगतो: डॉट कॉम संपलं की लगेच जात नाही. नोंदणी करणारी कंपनी ४५ दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते, मग ३० दिवस जबर दंडाचे, मग पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि सहाव्या दिवशी ते जगात कुणालाही मिळू शकतं. मुदत संपण्याच्या महिनाभर आणि आठवडाभर आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांत, अशा सूचना देणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्या गेल्याही असतील. पण त्या नोंदणीतल्या मेलवर जातात, आणि तो मेल त्या मुलाचा.

ओळखीतल्या कुणाकडून तुम्ही वेबसाइट घेतली असेल, तर त्याला आजच दोन गोष्टी विचारा. डोमेनच्या नोंदणीत नाव आणि ई-मेल माझा आहे का? आणि माझ्या साइटचा ताजा बॅकअप मला माझ्याकडे ठेवायला मिळेल का? चांगला रिसेलर दोन्हींना हो म्हणेल आणि त्याच दिवशी पाठवून देईल. टाळाटाळ झाली, तर रिन्युअलच्या आधीच दुसरा शोधा.