महाधनेशाच्या मादीला कोंडतं कोण?

सह्याद्रीतल्या महाधनेशाचा नर मादीला ढोलीत कोंडतो, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. ढोलीचं तोंड मुख्यतः मादीच आतून लिंपते, स्वतःची विष्ठा चोचीच्या कडेने थापत; उरते चोचीपुरती फट. आत ती उडायची पिसं झाडते आणि नराने आणलेल्या वड-उंबराच्या फळांवर राहते. मग ही कैदच की, असं कुणी म्हणेल. परावलंबी ती आहेच. नर मेला तर घरट्याचं कठीण. पण पिल्लू जरा मोठं झालं की भिंत फोडून बाहेर येते तीच, आणि मागे राहिलेलं पिल्लू ते तोंड पुन्हा लिंपून घेतं.