जर्सी संघटनेची, तिजोरी धनिकाची

केरी पॅकर हे नाव आपल्याकडील क्रिकेटरसिकांना नवे नाही. १९७७ साली ऑस्ट्रेलियाच्या या प्रक्षेपणसम्राटाने जगभरातील नामवंत खेळाडू करारबद्ध करून क्रिकेट मंडळांची झोप उडविली होती. मात्र याच पॅकरच्या पाठबळावर १९९५ साली रग्बीतही असेच बंड घडत होते, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये आठ देशांच्या रग्बी संघटनांनी नियोजित 'आर ३६०' स्पर्धेविरुद्ध संयुक्त इशारा दिला. तो समजून घ्यायचा तर १९९५ सालाकडे वळावे लागते.

रग्बीचे घर मुळातच दुभंगलेले. खेळण्यासाठी बुडालेल्या रोजंदारीची भरपाई मिळावी या मागणीवरून १८९५ साली उत्तर इंग्लंडमधील क्लब बाहेर पडले. त्यातून तेरा खेळाडूंची 'रग्बी लीग' आकाराला आली. पंधरा खेळाडूंची 'रग्बी युनियन' पुढची शंभर वर्षे, निदान कागदोपत्री, हौशी राहिली. स्टेडियम भरत होती, प्रक्षेपणाचा पैसा येत होता. खेळाडूला मात्र अधिकृत मानधन नव्हते. बंडाला याहून सुपीक जमीन कोणती?

एप्रिल १९९५मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगमध्ये 'सुपर लीग'चे बंड उभारले आणि खेळाडूंपुढे पैशांच्या थैल्या मोकळ्या केल्या. तेथे पॅकर प्रस्थापितांच्या बाजूने होते. आपलेही खेळाडू या थैल्यांकडे ओढले जातील, या धास्तीने युनियनच्या संघटनाही पैशाच्या शोधात निघाल्या. २३ जून १९९५ रोजी, म्हणजे विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या संघटनांनी मर्डॉक यांच्याशी दहा वर्षांचा ५५ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. युनियनमध्ये आता मर्डॉक प्रस्थापितांचे धनको झाले आणि पॅकर बंडखोरांचे! तत्त्वाचे युद्ध म्हणून जे सांगितले जात होते, ते मुख्यतः प्रक्षेपण हक्कांचे युद्ध होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

बंडखोरांच्या 'वर्ल्ड रग्बी कॉर्पोरेशन'चे सूत्रधार होते ऑस्ट्रेलियाचे माजी खेळाडू रॉस टर्नबुल. त्यांनी नुकत्याच विश्वविजेत्या ठरलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या आणि उपविजेत्या न्यूझीलंडच्याही खेळाडूंना आपल्याकडे वळविले. काही आठवडे बंड यशस्वी होणार असेच चित्र होते. पण दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेने घसघशीत करार पुढे केले आणि तिचे खेळाडू माघारी फिरले. न्यूझीलंडमध्ये माजी कर्णधार जॉक हॉब्स यांनी खेळाडूंची मनधरणी केली. जॉश क्रॉनफेल्ड व जेफ विल्सन यांनी प्रथम संघटनेच्या करारावर सह्या केल्या. मग बांध फुटला. एकही सामना न होता बंड संपले, पण ऑगस्ट १९९५मध्येच आंतरराष्ट्रीय मंडळाला हौशीपणाचे बंधन उठवावे लागले. शंभर वर्षे जे मागून मिळाले नाही, ते एका उन्हाळ्यात धाकाने मिळाले.

यात संघटनांच्या हाती असलेले खरे शस्त्र दिसते. स्टेडियम भाड्याने मिळते, प्रशिक्षक विकत घेता येतो. राष्ट्रीय संघाची जर्सी मात्र संघटनाच देऊ शकते. आंतरराष्ट्रीय सामने हाच युनियनचा मोठा उत्पन्नाचा झरा असून तळागाळातील रग्बीही त्यावरच पोसली जाते. खासगी स्पर्धा खेळाडू घेऊन जाते. तो घडविण्याचा खर्च मात्र इतरांच्या माथी राहतो, ही संघटनांची तक्रार रास्तच आहे.

पण दुसरी बाजूही दुबळी नाही. इंग्लंडमधील वूस्टर व वॉस्प्स हे क्लब २०२२मध्ये, तर लंडन आयरिश २०२३मध्ये आर्थिकदृष्ट्या कोसळले. क्लब पातळीवरील व्यवहार तोट्याचा आहे, यावरच 'आर ३६०'ने बोट ठेवले. इंग्लंडच्या २००३च्या विश्वविजेत्या संघातील माईक टिंडल याचा या योजनेत पुढाकार. पुरुषांचे आठ व महिलांचे चार संघ, निरनिराळ्या शहरांत फिरते सामने आणि ऑक्टोबर २०२६मध्ये शुभारंभ, असा बेत होता. उत्तरादाखल आठ संघटनांनी या स्पर्धेत जाणारा खेळाडू राष्ट्रीय निवडीस अपात्र ठरेल, असे जाहीर केले. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगने तर दहा वर्षांच्या बंदीची तंबी दिली.

अशा बंद्या कायद्यापुढे टिकतातच असे नाही. पॅकरच्या क्रिकेटपटूंवरील बंदी लंडनच्या उच्च न्यायालयाने १९७७मध्येच व्यवसायस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर अवैध ठरविली होती. भारतात झी समूहाच्या 'इंडियन क्रिकेट लीग'मधील खेळाडूंना २००९मध्ये क्रिकेट मंडळाने माफी दिली. तोवर आयपीएलचा जम बसलेला होता. खासगी पैसा म्हणजे बंड, असेही नाही. जून २०२५मध्ये मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीग खासगी मालकांच्या संघांचीच होती, परंतु तिला भारतीय रग्बी संघटनेची मान्यता होती.

नोव्हेंबर २०२५मध्ये 'आर ३६०'च्या आयोजकांनी शुभारंभ २०२८पर्यंत लांबणीवर टाकला. त्याआधी, २०२७मध्ये, ऑस्ट्रेलियात विश्वचषक आहे. तो राष्ट्रीय जर्सीतच खेळला जातो.