हिमक्षेपक यंत्राची पारख

कॅनडातील क्वेबेक प्रांताचे आर्थर सिकार यांनी 1925 साली सिद्ध केलेले, आणि 1927 साली माँट्रियलनजीकच्या उत्रमाँ नगरपालिकेने खरेदी केलेले हिमक्षेपक यंत्र आज त्या मुलखात लहान रूपाने घरोघरी नांदत असले, तरी खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाची दृष्टी प्रथम इंजिनाच्या अश्वशक्तीवर खिळते, आणि माझ्या मते घोटाळ्याचा उगम तेथेच होतो.

मोटारीच्या लांब वाटेसाठी वा विस्तीर्ण आवारासाठी द्विस्तरीय यंत्रच घ्यावे. त्यातील पुढचे दातेरी मळसूत्र बर्फ फोडून आत ओढते आणि मागचा पंखा तो उंच नळीतून दूर भिरकावतो. परंतु टिकाऊपणाची खरी परीक्षा मळसूत्राला गती देणाऱ्या दंतचक्रांच्या पेटीत होते. ती भक्कम ओतीव लोखंडाची असावी, आणि मळसूत्र आपल्या दांड्याशी मुद्दाम कमजोर ठेवलेल्या खिळींनी जोडलेले असावे, कारण बर्फाखाली दडलेला दगड अडकताच क्षुल्लक मोलाची खिळी तुटून महागडी चक्रे बचावतात. हा बंदोबस्त ध्यानी न घेता तेथे कठीण पोलादाचा बोल्ट ठोकणारे महाभागही असतात. त्यांच्या काटकसरीचा लाभ अखेर दुरुस्तीवाल्यालाच मिळतो.

हंगाम सरल्यावर टाकीत राहिलेले पेट्रोल शिळे होऊन कार्ब्युरेटर चोंदतो, सबब ते काढून टाकावे. आणि नळीत बर्फ तुंबल्यास इंजिन बंद करून, पाती पूर्ण थांबल्यावरही, तो काठीनेच काढावा; हात घालण्याचे धाडस कोणीही करू नये.