‘स्कंक’ : एका संकरित गांजाचे कूळ, गंध आणि परिणाम

मुंबई विमानतळावर २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानातून सीमाशुल्क विभागाने वारंवार गांजा जप्त केला. बातम्यांमध्ये त्याचा उल्लेख ‘हायड्रोपोनिक’ असा होतो. मातीऐवजी पोषकद्रव्यांच्या पाण्यावर वाढवलेला, एवढाच त्याचा अर्थ. हे नाव लागवडीची पद्धत सांगते, वाण नव्हे. बंद खोलीत, कृत्रिम प्रकाशात अल्पावधीत फुलणारा गांजा मुळात शक्य झाला तो संकरामुळे. या संकराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘स्कंक नंबर वन’.

तीन देशांचे कूळ

हा वाण १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात तयार झाला. बियाणे व्यावसायिकांच्या नोंदींनुसार त्यात अफगाणिस्तानातील गांजा, मेक्सिकोचा ‘अकापुल्को गोल्ड’ आणि कोलंबियाचा ‘कोलंबियन गोल्ड’ अशा तीन वाणांचा संकर आहे. उष्ण कटिबंधातील झाडे उंच वाढतात, पण त्यांचा फुलोरा तयार होण्यास बराच काळ लागतो. उत्तरेकडील थंड प्रदेशांत तो पक्व होण्यापूर्वीच हिवाळा येऊन ठेपतो. हिंदुकुशच्या परिसरातील झाडे मात्र बुटकी, दाट आणि लवकर फुलणारी असून त्यांच्यावर राळेचा थरही भरपूर असतो. दोहोंच्या संकरातून आटोपशीर उंचीचा, साधारण आठ ते नऊ आठवड्यांत फुलोरा पूर्ण करणारा वाण हाती आला. १९८०च्या दशकात त्याचे बियाणे नेदरलँड्समध्ये पोहोचले. तेथील कायद्याने १९७६ मध्येच गांजाला हेरॉइनसारख्या घातक पदार्थांपासून वेगळे काढले होते. तेथून हा वाण युरोपभर पसरला आणि पुढील अनेक संकरांचा पूर्वज ठरला.

अशा वाणांची ओळख ‘इंडिका’ आणि ‘सटायवा’ या दोन नावांनी करून देण्याची बाजारात प्रथा आहे. यांपैकी ‘इंडिका’ हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून दिले. मात्र शंभराहून अधिक नमुन्यांच्या जनुकीय तपासणीवर आधारलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही लेबले आणि वनस्पतीचा एकूण जनुकीय वारसा यांचा मेळ बसला नाही. लेबलांचा संबंध आढळला तो मुख्यतः काही गंधद्रव्यांशी.

गंध कशाचा?

स्कंक हा उत्तर अमेरिकेतील काळा-पांढरा प्राणी. संकट ओढवले की तो शेपटीखालील ग्रंथींतून अतिशय दुर्गंधीयुक्त द्रव फवारतो. त्या वासाशी असलेल्या साम्यामुळे या वाणाला हे नाव पडले. गांजाच्या गंधाचा मोठा भाग टर्पीन वर्गातील द्रव्यांचा असतो. त्यांतील मर्सीन आंब्यातही आढळते, तर कॅरिओफायलीन काळी मिरी आणि लवंगेत असते. स्कंकची ओळख बनलेला उग्र दर्प मात्र यांचा नाही. तो गंधकयुक्त संयुगांचा असल्याचे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. त्यांपैकी प्रमुख संयुग उन्हात राहिलेल्या बिअरलाही तसाच वास आणते. नशा आणणाऱ्या टीएचसी या द्रव्याला स्वतःचा वास नसतो. त्यामुळे दर्प जितका उग्र तितका माल ‘कडक’, या समजाला आधार नाही.

मेंदूवर काय घडते?

टीएचसी हे द्रव्य इस्रायलमधील राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये वेगळे केले. मेंदूतील ज्या ग्राहींवर ते काम करते, त्यांच्यासाठी शरीर स्वतःच एक द्रव्य तयार करते. १९९२ मध्ये ते सापडले, तेव्हा संस्कृतमधील ‘आनंद’ या शब्दावरून त्याला ‘आनंदमाइड’ असे नाव देण्यात आले. टीएचसी याच ग्राहींचा ताबा घेते. त्यामुळे उल्हास वाटणे, भूक वाढणे, वेळेचे भान सुटणे, नाडी जलद होणे आणि स्मृती विस्कळीत होणे असे परिणाम दिसतात. मात्रा वाढली की उल्हासाची जागा भीती आणि संशय घेऊ शकतात.

प्रश्न आहे तो या मात्रेचा. ब्रिटनमध्ये ‘स्कंक’ हे एका वाणाचे नाव न राहता सर्वच तीव्र गांजाचे नाव झाले. तेथे जप्त केलेल्या मालात बीजविरहित फुलोऱ्याच्या या प्रकाराचे प्रमाण २००५ मध्ये ५१ टक्के होते. ते २०१६ मध्ये ९४ टक्क्यांवर गेले. त्यात टीएचसी साधारण १४ टक्के आढळले, तर नशा न आणणारे सीबीडी जवळपास नव्हतेच. सीबीडीमुळे टीएचसीच्या दुष्परिणामांना आळा बसतो, असे मानले जात असे. परंतु २०२२ मध्ये लंडनमधील ४६ निरोगी स्वयंसेवकांवरील प्रयोगात तसे संरक्षण दिसले नाही.

युरोप आणि ब्राझीलमधील ११ ठिकाणी झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट सायकिॲट्री’त प्रसिद्ध झाला. गांजा कधीच न घेतलेल्यांच्या तुलनेत, दहा टक्के वा त्याहून अधिक टीएचसीचा गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये मनोविकृतीची शक्यता सुमारे पाचपट आढळली. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्णतः सिद्ध होत नाही. तरीही तीव्रता आणि वारंवारता यांनुसार धोका वाढत जातो, हा त्याचा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भारतात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा हा गांजाच. त्याचा वाण कोणता आणि त्यात टीएचसी किती, याने गुन्ह्याचे स्वरूप बदलत नाही. शरीराला मात्र फरक पडतो. ‘गांजा तर पूर्वापार चालत आला आहे’ हा युक्तिवाद तरुणांच्या तोंडी सहज ऐकू येतो. पण पूर्वापार चालत आलेले झाड आणि काचेच्या छताखाली किंवा दिव्यांखाली वाढवलेला हा संकर यांत अर्ध्या शतकाच्या निवडीचे अंतर आहे. आकर्षक वेष्टनावरील नाव किंवा नाकाला जाणवणारा गंध ते अंतर सांगत नाही.