नवागतांना भाषा देताना

(प्रार्थनेनंतर सभागृहात दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



परक्या देशात पाऊल ठेवणाऱ्या माणसाला अन्न आणि निवारा यांच्या पाठोपाठ भाषा लागते. तिच्यावाचून त्याला मजुरीचा हिशेब विचारता येत नाही, डॉक्टरांना दुखणे सांगता येत नाही. ही भाषा देणाऱ्या न्यूयॉर्कच्या दोन ज्यू लेखकांविषयी मी आज बोलणार आहे.

1881 साली रशियाच्या झारची हत्या झाली आणि तेथील ज्यूंवर हल्ल्यांची लाट उसळली. हजारो कुटुंबे अमेरिकेकडे निघाली. एमा लाझारस ही न्यूयॉर्कच्या सुखवस्तू घराण्यातील कवयित्री वॉर्ड्स बेटावरील निर्वासितांमध्ये जाऊ लागली आणि त्यांना इंग्रजी शिकवू लागली. 1883 मध्ये तिने लिहिलेले ‘द न्यू कोलोसस’ हे सुनीत आज स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याशी कायमचे जोडले गेले आहे. मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: इतरांना इंग्रजी देणारी ही स्त्री त्याच काळात स्वतः हिब्रू शिकू लागली.

दुसरे अब्राहम काहान. ते 1882 मध्ये स्वतःच आश्रयार्थी म्हणून आले, इंग्रजी शिकले आणि रात्रीच्या वर्गांत आपल्यासारख्याच कामगारांना ती शिकवू लागले. पुढे ‘फोरव्हर्ट्स’ या यिद्दिश दैनिकाचे संपादक असताना त्यांनी अमेरिकेची ओळख वाचकांना यिद्दिशमधूनच करून दिली. 1909 मध्ये त्या पत्राने बेसबॉलचा खेळदेखील यिद्दिशमध्ये समजावून सांगितला!

त्या काळी अनेक सुशिक्षितांना यिद्दिश ही अशुद्ध बोली वाटे. परिणामी शाळेत जाणाऱ्या मुलांना घरच्या बोलीची, आणि कधी आईवडिलांचीही, लाज वाटू लागे. वस्तुतः जुनी भाषा नवीच्या वाटेतील धोंड नसते. यिद्दिशमधील ‘हांट’ म्हणजे इंग्रजी ‘हँड’, ‘ब्रोइट’ म्हणजे ‘ब्रेड’. अर्धी वाट विद्यार्थी घरूनच चालून आलेला असतो.

आपलेच पाहा. 1949 साली जेरुसलेममध्ये उल्पान एत्झिओन सुरू झाले; तेव्हापासून उल्पानची रीत हिब्रू हिब्रूतूनच शिकवण्याची. तरीही मराठी माणसाला तेथे एक गोष्ट निराळी शिकावी लागत नाही. पुरुष म्हणतो ‘मी जातो’, स्त्री म्हणते ‘मी जाते’. हिब्रूतही ‘अनी होलेख’ आणि ‘अनी होलेखेत’. हा भेद इंग्रजीत नाही, आपल्या आजीच्या बोलीत आहे.

म्हणून आपल्यापैकी जे कोणी नवागतांना शिकवीत असतील, त्यांना माझी एकच विनंती आहे. पहिल्या दिवशी फळ्यावर नवा शब्द लिहिण्यापूर्वी समोरच्याला विचारा, “तुमच्याकडे याला काय म्हणतात?” आणि तो जे सांगेल, ते स्वतःच्या वहीत लिहून घ्या. शिकणाऱ्याजवळही देण्यासारखे काही आहे, हे त्याला त्या क्षणी कळते. मग तो मान ताठ ठेवून शिकतो.